पाव तोळ्याची गोळी

पिकाची राखण म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें माळा, गोफण आणि रात्रभर डबा बडविणारा राखणदार उभा राहतो. अमेरिकेच्या ईशान्य भागांतील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें त्याच जागीं एक बारीक तोंडाची रायफल उभी राहते. ही रायफल व तिचें काडतूस यांचा इतिहास बंदुकीच्या शोकिनांपुरताच आहे असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. घुशीसारख्या एका जनावराच्या पारिपत्यासाठीं जें काडतूस सिद्ध झालें, त्याच्याच वंशांतील काडतूस पुढें एका बलाढ्य राष्ट्राच्या सैन्यानें उचललें, आणि सैन्याकडून तें पुन्हां शेताच्या बांधावर आलें. ही ये-जा समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम त्या जनावराविषयीं. वुडचक हा मार्मोटच्या कुळांतील, पांच-दहा पौंड वजनाचा, बिळांत राहणारा व हिंवाळाभर झोपणारा प्राणी. उन्हाळ्यांत तो क्लोव्हर, लसूणघास व घेवडा यांवर ताव मारतो आणि कुरणांत बिळें खोदतो. त्या बिळांत घोड्यांचे पाय अडकत, पुढें यंत्रांचीं चाकें अडकूं लागलीं. न्यू हॅम्पशर संस्थानच्या विधिमंडळानें १८८३ सालीं या प्राण्याचा विचार करण्यासाठीं स्वतंत्र समिति नेमली व प्रत्येक वुडचकामागें दहा सेंट इनाम लावलें. अशा प्राण्यांस इंग्रजींत 'व्हर्मिन' म्हणतात. शब्दाचें मूळ लॅटिनमधील किड्याच्या नांवांत आहे, आणि खेडुतांच्या तोंडीं त्याचा 'व्हार्मिंट' झाला. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत अशी जात कोठेंहि नाहीं; शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहींत मात्र आहे. पूर्वेकडे वुडचक, पश्चिमेकडे प्रेअरी डॉग, भुईखार व कोयोट असे सर्व त्या एकाच सदराखालीं येतात.

आतां बंदुकीची अडचण पाहा. वुडचक सावध असतो. बिळाच्या तोंडाशीं उभा राहून तो चहूंकडे पाहतो व माणूस शंभर-दीडशें यार्डांच्या आंत येण्यापूर्वींच दिसेनासा होतो. घरोघर असणारी .२२ रिमफायर रायफल या कामीं अपुरी पडे. तिच्या गोळीचा वेग सेकंदास हजार-बाराशें फुटांचा. दूरवर ती इतकी खालीं उतरे कीं नेमाचा भरंवसा राहत नसे. शिवाय ती मंद व घट्ट गोळी दगडावर आपटली तर न फुटतां उसळून पलीकडच्या शेतांत जाई. हरणाची मोठी रायफल वापरावी, तर तिची गोळी मैलोगणती जाते आणि तिचा आवाज ऐकून शेजारी दारांत येतात. दाट वस्तीच्या मुलखांत शेतकरी ज्याला आपल्या रानांत बंदूक चालवूं देतो, त्याच्यावर तो आपलीं गुरें व मुलें सोंपवीतच असतो. हलकी, अतिवेगवान, आणि जमिनीस लागतांच चूर होऊन जाणारी गोळी हवी, ही कल्पना या अडचणींतून जन्मली. व्हार्मिंटच्या काडतुसाचा सारा पुढील इतिहास म्हणजे या एका मागणीचा विस्तार होय.

तिचें पहिलें यशस्वी उत्तर १९३० सालीं मिळालें. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेशीं संबंध असलेले कर्नल टाउनसेंड व्हीलन, वॉटकिन्स व वुडी यांनीं १८८५ सालच्या एका जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांत नवी धूररहित दारू भरून प्रयोग केले. त्यांतून .२२ हॉर्नेट निघालें. त्याची गोळी ४५ ग्रेनांची, म्हणजे आपल्या तोळ्याचे १८० ग्रेन धरले तर बरोबर पाव तोळ्याची. वेग सेकंदास चोवीसशें फूट किंवा त्याहून अधिक. गंमत अशी कीं विंचेस्टर कंपनीनें काडतूस आधीं बाजारांत आणलें. तें डागण्याजोगी कारखान्याची रायफल मागाहून आली! पांच वर्षांनीं, १९३५ सालीं, त्याच कंपनीनें .२२० स्विफ्ट काढलें. ४८ ग्रेनांची गोळी सेकंदास ४११० फूट, ध्वनीच्या साडेतीनपटींहूनहि अधिक वेगानें धांवूं लागली. परंतु इतकी दारू इतक्या बारीक नळींतून जाळली म्हणजे नळीचा आरंभींचा भाग झपाट्यानें झिजतो, आणि स्विफ्टच्या मालकांस नवी नळी बसविण्याचा खर्च लवकरच दिसूं लागला. आमच्या मतें या सर्वांत शहाणें काडतूस १९५० सालचें .२२२ रेमिंग्टन होय. माइक वॉकर यांनीं कोणत्याहि जुन्या काडतुसाचा आधार न घेतां तें रचलें. गोळी ५० ग्रेनांची, वेग सुमारें ३२०० फूट. नळी टिकाऊ, धक्का नांवाचा, आणि नेम असा कीं लक्ष्यवेधाच्या स्पर्धांतहि कित्येक वर्षें त्याचेंच राज्य होतें.

या सर्व रायफली हातानें खटका ओढून भरावयाच्या होत्या. आपोआप भरणारी रायफल त्या काळीं नव्हती असें नव्हे. विंचेस्टरची .२२ ची आपोआप भरणारी रायफल १९०३ सालीं व ब्राउनिंगच्या योजनेची रेमिंग्टन रायफल १९०६ सालीं निघाली होती. पण पहिल्या प्रकारांत बोल्टास नळीशीं जखडलेलें नसतें. केवळ त्याचें वजन व स्प्रिंगचा जोर यांनींच तो क्षणभर थोपतो. काडतूस जितकें जोरदार तितका बोल्ट जड हवा, आणि हॉर्नेट-स्विफ्टसारख्यांस ही युक्ति पुरी पडत नाहीं. त्यांतून लोकमतहि विरुद्ध होतें. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत अशा बंदुकांवर कडाडून हल्ला केला. पेनसिल्व्हेनिया संस्थानानें तर १९०७ सालींच शिकारींत त्यांस बंदी घातली होती. रायफलींपुरतें तें कुलूप तेथें २०१६-१७ सालीं निघालें, तेंहि लहान शिकार व केसाळ कातडीचे प्राणी यांच्यापुरतें. हरणासाठीं मात्र त्या वेळीं तिला मज्जावच राहिला. खरा वुडचक-शिकारी एका गोळीवर भिस्त ठेवतो. दुसरी हाताशीं आहे हें ठाऊक असलें कीं पहिलीचा नेम सैल होतो, असें जुने लोक म्हणत. त्यांत तथ्य आहे, असें आम्हांसहि वाटतें.

ही स्थिति पालटली ती सैन्यामुळें. १९५७ च्या सुमारास आर्मालाइट कंपनींत यूजीन स्टोनर यांची मोठी रायफल लहान करण्याचें काम चाललें होतें. त्यांनीं हातीं घेतलें तें काडतूस वुडचकाचें, .२२२ रेमिंग्टन. परंतु गोळीनें पांचशें यार्डांवर पोलादी शिरस्त्राण भेदलें पाहिजे ही सैन्याची अट. तितकी दारू त्यांत मावेना. म्हणून त्याचा कोश थोडा लांबविला, आणि आजचें .२२३ रेमिंग्टन जन्मास आलें. या रायफलींत नळींतील तप्त वायूचा थोडा अंश एका बारीक नळीनें मागें आणून त्याच्या जोरानें बोल्ट उघडतात. बोल्ट जखडलेला असल्यानें तो जड असण्याचें कारण उरत नाहीं. येथेंच दारूची निवड केवळ वेगाची बाब न राहतां यंत्राच्या जिवाची बाब होते. व्हिएतनाम युद्धांत सैन्यानें पुरेशा परीक्षेवांचून काडतुसांतील दारूचा प्रकार बदलला; नव्या दारूनें बोल्टाची गति वाढली, काजळी सांचूं लागली, त्यांत नळीच्या कोठीला क्रोमचा मुलामा नाहीं व सैनिकांजवळ सफाईचें साहित्य नाहीं. ऐन लढाईंत रायफली अडकल्या व माणसें मेलीं. १९६७ सालीं काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीनें या प्रकरणाची चौकशी करून अधिकाऱ्यांवर कडक ठपका ठेवला.

नागरिकांसाठीं याच जातीची, एका चापास एकच गोळी सोडणारी रायफल कोल्ट कंपनीनें १९६४ सालीं काढली. रूगर कंपनीची मिनि-१४ त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं आली. काडतूस घरचें, यंत्र सैन्याचें, अशी ती व्हार्मिंटच्या शेतांत परतली. ती घेणाऱ्यानें काय पाहावें? पहिली गोष्ट नळींतील आटे. स्टोनरच्या आरंभींच्या रायफलींत गोळीचा एक फेरा १४ इंचांत पुरा होई. सैन्यानें तो १२ इंचांवर आणला, आणि लांब, जड गोळ्या आल्यावर ७ इंचांवर. हलक्या गोळीस मंद आटे मानवतात. फार पातळ आवरणाची गोळी ७ इंचांच्या आट्यांत इतकी गरगर फिरते कीं केव्हां केव्हां वाटेंतच फुटते. दुसरी गोष्ट, सैन्याचें ५.५६ व बाजारांतील .२२३ हीं दिसण्यांत जुळीं असलीं तरी सैन्याच्या काडतुसाचा दाब अधिक व त्याच्या कोठीचें माप किंचित् मोकळें; .२२३ च्या कोठींत सैन्याचें काडतूस घालणें धोक्याचें. तिसरी गोष्ट, सैन्याची पूर्ण आवरणाची गोळी स्वस्त म्हणून घेण्याचा मोह. ती सहजासहजीं चूर होत नाहीं, उसळते. ज्या अडचणीसाठीं हॉर्नेट निर्माण झालें ती अडचण ती पुन्हां दारांत आणून उभी करते. आणि शिशाचें उघडें मऊ टोंक आपोआप भरतांना कोठीच्या तोंडावर आपटून चेपतें, म्हणून अशा रायफलीस प्लॅस्टिकच्या टोंकाची गोळी बरी पडते.

आतां चूर होणाऱ्या गोळीचा हिशेब. चूर होतें म्हणजे शिशाचे बारीक कण मेलेल्या जनावराच्या देहांत पसरतात, आणि व्हार्मिंटचें प्रेत बहुधा रानांतच पडून राहतें. कॅलिफोर्नियांतील काँडॉर या प्रचंड गिधाडाचें अन्न तेंच. १९८२ सालीं हे पक्षी साऱ्या जगांत अवघे २२ उरले होते; १९८७ सालीं रानांतला शेवटचाहि पकडून पैदाशीसाठीं आणावा लागला, आणि १९९२ पासून सोडलेल्या पक्ष्यांनाहि शिशाची विषबाधा होत राहिली. शेजाऱ्याच्या मुलांसाठीं म्हणून जो गुण गोळींत मुद्दाम आणला, तोच येथें विष पसरविणारा ठरला. कॅलिफोर्नियानें २०१३ सालीं कायदा करून १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारींत शिशाच्या गोळ्या बंद केल्या; भुईखारीवर झाडावयाची गोळीहि त्यांतून सुटली नाहीं. तेव्हांपासून तेथें तांब्याची गोळी आली. तांबें शिशापेक्षां हलकें, म्हणून तितक्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीस वेगाचे आटे लागतात. जुनी १४ इंची रायफल तिला नीट फिरवूं शकत नाहीं. कोठडींत पडून असलेल्या कित्येक सुंदर.२२२ रायफलींच्या मालकांस आतां वजनांतहि पाव तोळ्याच्या खालीं उतरावें लागतें.