माशी, खाच आणि साष्टीचं रान

घाटकोपर पश्चिमेला रिक्षावाल्याला नुसतं 'रायफल रेंज' किंवा 'गोळीबार रोड' म्हटलं तरी पुरतं. सांताक्रूझ पूर्वेलाही एक गोळीबार आहे. आता तिथे दाट वस्ती आहे आणि नेमबाजी उरली आहे ती पत्त्यांत. पण साष्टी बेटावर बंदूक एकेकाळी नवलाची नव्हती. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. त्यांच्याभोवतीच्या डोंगरांत बिबटे होतेच, आणि १९२९ साली विहारजवळच्या रानात वाघ मारला गेल्याचीही नोंद आहे.

भातखाचरांतल्या पाणलाव्यांसाठी छऱ्याची बंदूक पुरे. तिच्या नळीच्या टोकाला फक्त एक मणी असतो. जुळवायचं असं काही नसतंच. रायफलीचं तसं नाही. पुढे माशी, मागे खाच, आणि दोन्ही एका रेषेत आल्याशिवाय गोळी ठिकाणावर जात नाही. गोळी डावीकडे पडत असेल तर मागची खाच उजवीकडे सरकवायची, माशी हलवायची तर उलट, डावीकडे. नवशिक्याची गफलत नेमकी इथेच होते.

खरी गंमत दुनळी रायफलीची. दोन नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र याव्यात म्हणून इंग्लंडातले कारागीर नळ्यांच्या तोंडाशी पाचर सरकवत, पुन्हा पुन्हा गोळ्या झाडून बघत आणि मगच डाख पक्का करत. एवढी मेहनत व्हायची ती विलायतेच्या थंडीत! इथल्या उन्हात काडतुसातलं कॉर्डाइट तापलं की दाब वाढे, गोळीचा वेग बदले आणि जुळवलेल्या नळ्यांचं गणित बिघडे. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची काडतुसं वेगळी भरली जात. १९०७ साली सरकारने .४५० बोअरच्या काडतुसांना हिंदुस्थानात बंदी घातली, तेव्हा बंदूकवाल्यांनी .४७० सारखे नवे बोअर काढले. नवा बोअर म्हणजे नळ्या जुळवण्याचा सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून.

महागड्या रायफलींवर १००, २००, ३०० यार्डांसाठी उघडमिट होणारी खाचेची पानं असत. झाडोऱ्यात मचाणावरून जवळच्या जनावरावर नेम धरणाऱ्याला त्यांतलं पहिलं पान सोडून बाकीची मिरवण्यापुरतीच. तिथे उपयोगी पडे ती हस्तिदंती माशी. दिवसा ती दुमडून ठेवायची, अंधार पडला की उभी करायची. काळोखात काळी माशी दिसणार कशी?

नेमबाजीचा शौक असलेल्या एका मुलाचं नाव पुढे जगभर झालं. पक्षितज्ज्ञ सालिम अलींचं कुटुंब सुट्टीत चेंबूरला मुक्कामाला जाई. शिकारी मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांचं वळण, आणि हाती डेझी एअरगन. १९०६-०७च्या सुमारास या पोराने एकाच घरट्याजवळ सात दिवसांत ८ नर चिमणे टिपले आणि तशी नोंदही करून ठेवली. एअरगनने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीनेच त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांपुढे नेऊन उभं केलं.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला. बोरिवलीचं रान राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१५च्या अभ्यासात कॅमेऱ्यांनी तिथे ३५ बिबटे टिपले. मुलुंड-भांडुपकडे बिबट्या वस्तीत अडकला की वनखात्याचं पथक भुलीची बंदूक आणतं. त्या बंदुकीतही अंतर पाहूनच जुळवाजुळव करावी लागते, फक्त माशीची नव्हे तर वायूच्या दाबाची. दाब कमी पडला तर सुई पोचत नाही, जास्त झाला तर जनावराला इजा होते.