लुगड्याच्या गाठीखाली

मागच्या आठवड्यात अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन आला. "काका, आता संगणक फोटो बघून त्वचेचा कर्करोग ओळखतो. आक्का-आत्याच्या वेळी हे असतं तर?" तेव्हा 'हो ना' म्हणून फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून थोडं वाचलं, ते लिहितो.

आमच्या आक्काने जन्मभर नऊवारी नेसलं. कमरेला घट्ट गाठ बसते तिथली कातडी आधी काळवंडली, मग खपली धरू लागली, मग जखम झाली. १९९८ साली डॉक्टर म्हणाले, "तुकडा काढून तपासू." घरात सगळे घाबरले. हत्यार लागलं की रोग पसरतो, असा समज. शिकलेला मी एकटा, पण मीही मान डोलावली. आक्काला परत आणलं. सहा महिने मलम लावण्यात गेले.

आता कळतं की हा रोग आपल्याच लोकांनी कधीच ओळखला होता. मूळचे गोव्याचे डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये होते. ते रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाईंनी धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कर्करोगावर लिहिलं. पुढे साडीच्या आणि परकराच्या नाडीखालचेही रोगी नोंदले गेले. २०२४ साली वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण छापले, त्यातल्या एक बाई लुगडं नेसणाऱ्या. म्हणजे निदानाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते : गाठ कुठे बांधता?

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत २०११ साली 'मेलाफाइंड' या यंत्राला मान्यता मिळाली. ते घातक तीळ क्वचितच चुकवी, पण चाचणीत बहुतेक निरुपद्रवी तिळांनाही 'तुकडा काढा' म्हणे. २०१७ पर्यंत ते बाजारातून गेलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख २९ हजार छायाचित्रांवर संगणक शिकवला. निवडक चाचण्यांत तो २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीला आला. पण अशा संग्रहांत गोऱ्या कातडीचीच चित्रं जास्त. आक्काची सावळी कंबर त्यात कुठून असणार? शिवाय यंत्राने सांगितलं तरी शेवटचा शब्द तुकड्याचाच.

आमची हुपरी चांदीची. इथं कुणी नुसतं रंगावरून चांदी घेत नाही. कसोटीवर घासतात, कस बघतात. घासल्याने दागिना बिघडेल अशी भीती कुणाला वाटत नाही. आक्काच्या बाबतीत मात्र ती आम्हाला वाटली.

शेवटी तुकडा काढला. कर्करोगच निघाला. ऑपरेशन मोठं झालं, जांघेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. आक्का त्यानंतर अकरा वर्षं जगली, पण पाय कायमचा सुजका राहिला. त्या सहा महिन्यांबद्दल तिने कधी बोल लावला नाही.

तेव्हा पुतण्याला उत्तर असं : यंत्र असतं तरी तुकडा काढू द्यायला 'हो' मलाच म्हणायचं होतं.

असो. घरातल्या बायाबापड्यांना कमरेची गाठ जरा सैल बांधायला सांगा. बरी न होणारी जखम असेल तर दाखवून घ्या.