फॅन बेल्टची किंकाळी : दुखणे नेमके कोठे?

पावसाळी सकाळी मोटार सुरू करताच बॉनेटखालून कर्णकर्कश आवाज येतो आणि मिनिटाभरात थांबतो. बहुतेक वाहनधारक त्याकडे दुर्लक्ष करतात. उरलेले गॅरेजमध्ये जाऊन पट्टा बदलून घेतात. काही दिवसांनी तोच आवाज पुन्हा सुरू होतो. कारण ओरडतो पट्टा. पण दुखणे अनेकदा दुसऱ्याच भागाचे असते.

पट्ट्याचे काम

इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरील पुलीला जोडलेला हा रबरी पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि अनेक मोटारींत पाण्याचा पंप व पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. पूर्वी रेडिएटरचा पंखाही त्यावरच चालत असे. म्हणून त्याला फॅन बेल्ट हे नाव पडले. आता बहुतेक मोटारींत पंखा विजेवर चालतो. नाव मात्र टिकून आहे. जुन्या गाड्यांत हा पट्टा 'व्ही' आकाराचा असे. आता लांबीच्या दिशेने बारीक खाचा असलेला, अनेक पुलींना वेढे घालणारा पट्टा रूढ आहे. त्याचा ताण बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर राखतो. इंजिनाच्या आवरणाआडचा दातेरी टायमिंग बेल्ट याहून वेगळा असतो.

आवाज केव्हा येतो?

निदानाची सुरुवात कानाने करावी. इंजिन सुरू केल्यावर बॅटरी पुन्हा भारित करण्यासाठी अल्टरनेटरवर बोजा पडतो. एसी सुरू केल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरही बोजा वाढतो (विजेवरील स्टिअरिंगमध्ये हा पंप नसतो). अशा वेळी लांबलचक किंकाळी ऐकू आली तर पट्टा पुलीवर घसरत आहे, असे समजावे. ताण कमी होणे, टेन्शनरची स्प्रिंग थकणे किंवा एखादी पुली जड फिरणे, ही त्याची प्रमुख कारणे होत.

ठरावीक लयीत, इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होणारी चिवचिव बहुधा पुली एका रेषेत नसल्याचे सांगते. सतत घरघर येत असेल तर संशय बेअरिंगवर घ्यावा.

पाण्याची चाचणी

इंजिन न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून सुरू ठेवावे आणि स्प्रेच्या बाटलीतून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. अल्टरनेटरवर पाणी उडू देऊ नये. आवाज क्षणभर थांबून पाणी वाळताच परत आला, तर पुलींची रेषा तपासावी. पाण्याने आवाज वाढला, तर ताण अपुरा आहे. काहीच फरक पडला नाही, तर आवाज बहुधा पट्ट्याचा नसून बेअरिंगचा आहे. त्या वेळी गॅरेजमध्ये पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर, अडखळणे किंवा डुगडुगणे जाणवले, तर दोषी सापडलाच.

ही चाचणी करताना ओढणी, टाय, सैल बाह्या आणि बोटे फिरत्या पुलींपासून दूर ठेवावीत. पट्ट्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढावी. रेडिएटरचा विजेवरील पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हे विसरू नये.

पट्टा कसा पाहावा?

जुन्या निओप्रीन पट्ट्यांवर भेगा दिसत. त्यावरून आयुष्य जोखता येई. आता प्रचलित असलेल्या ईपीडीएम रबराच्या पट्ट्याला भेगा सहसा पडत नाहीत. टायरप्रमाणे त्याचे रबर झिजते आणि खाचा खोल होत जातात. त्यामुळे भेगा नाहीत म्हणून पट्टा चांगला, हा समज आता चुकीचा ठरतो. झीज मोजण्यासाठी खास मापक मिळते. काचेसारखी चकाकी, सुटलेले धागे किंवा तेलाचे व कूलंटचे डाग असल्यास पट्टा बदलावा. मात्र गळती आधी थांबवावी. नाही तर नवा पट्टाही तसाच खराब होईल.

हे टाळावे

पट्ट्यावर साबण, पावडर किंवा चिकट स्प्रे लावल्याने आवाज तात्पुरता दबतो आणि खरे कारण झाकले जाते. पट्टा गरजेपेक्षा अधिक ताणल्यास अल्टरनेटर व पाण्याच्या पंपाची बेअरिंग लवकर खराब होतात. ताण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच असावा.

पट्टा तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापू लागते. हायड्रॉलिक स्टिअरिंगही जड होते. घाटात ही वेळ आल्यास गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन तात्काळ बंद करावे. तसेच रेटल्यास हेड गॅस्केट जाण्याचा धोका असतो. म्हणून गॅरेजमध्ये 'पट्टा बदला' असे न सांगता 'आवाज कशामुळे येतो ते शोधा' असे सांगावे.