बिनपरवाना साक्ष

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने १० डिसेंबर २००७ च्या रात्री लंडनच्या ओटू अरीनात जी सोळा गाणी सादर केली, त्यांच्या अधिकृत तबकड्या ‘सेलिब्रेशन डे’ या नावाने विक्रीस येण्यास २०१२ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. आणि मधल्या जवळजवळ पाच वर्षांत बाहेरच्या ज्या रसिकांच्या कानी त्या रात्रीचा नाद पडला, त्यांना तो मुख्यतः अशा श्रोत्यांच्या कृपेने लाभला, की ज्यांच्याजवळ तिकीट होते, परंतु ध्वनिमुद्रणाची मुभा नव्हती.

ड्रमवादक जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी अकाली निवर्तला, तेव्हा उरलेल्या तिघांनी वृंद मोडला. पुढे १९८५ मध्ये फिलाडेल्फियास आणि १९८८ मध्ये न्यूयॉर्कला ते एकत्र आले खरे. पण ते दोन्ही प्रयोग इतके विस्कळीत झाले, की त्यांची आठवण न काढणेच बरे. २००७ चे निमित्त त्यांना आश्रय देणाऱ्या अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीचे एक संस्थापक अहमेट एर्टेगन यांच्या स्मरणाचे होते. ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन बसला. १२५ पौंडांची तिकिटे सोडतीने वाटली गेली, आणि अठरा-वीस हजार जागांसाठी मागणीची संख्या दोन कोटींच्या घरात सांगितली गेली. अशा समयी आत शिरलेल्या भाग्यवंतांपैकी काहींनी बाहेरच्यांचा विचार केला, यात नवल ते काय?

ही चोरवाट मात्र त्या रात्रीची नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायनेल मेपलसन याने १९०१ ते १९०३ या काळात रंगमंचाच्या वरच्या अरुंद मार्गिकेवर यंत्र ठेवून मेणाच्या नळकांड्यांवर टिपलेले गायन आज त्या युगाचे अमोल धन मानले जाते. खुद्द झेपलिनच्या बाबतीत ४ सप्टेंबर १९७० चा लॉस एंजेलिसचा कार्यक्रम श्रोत्यांतून मुद्रित होऊन तबकडीरूपाने विकला गेला, आणि व्यवस्थापक पीटर ग्रँट याने, जो पूर्वायुष्यात कुस्तीगीर होता आणि तसाच दिसेही, अशा यंत्रांच्या जप्तीचे सत्र चालवले. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला एक संशयास्पद यंत्र फोडून टाकण्यात आले; ते निघाले ध्वनीची पातळी मोजण्यास आलेल्या सरकारी अंमलदारांचे! उलटपक्षी लॉस एंजेलिसचा माइक मिलर्ड हा चालता-फिरता मनुष्य चाकांच्या खुर्चीत बसून सभागृहात जाई, कारण त्याचे जड नाकामिची यंत्र त्या खुर्चीतच दडवलेले असे. त्याने टिपलेल्या १९७५ व १९७७ च्या मैफली इतक्या निर्मळ उतरल्या आहेत, की त्यांपुढे काही अधिकृत ध्वनिमुद्रणेही फिकी वाटतात.

यात नीतीचा प्रश्न उरतोच. २००७ च्याच उन्हाळ्यात गिटारवादक जिमी पेज ग्लासगोच्या न्यायालयात अशा तबकड्यांच्या एका विक्रेत्याविरुद्ध साक्ष देण्यास उभा राहिला. परंतु रसिकांनी आपसांत केलेली देवघेव आणि वेष्टनात घालून मांडलेला व्यापार, यांत त्याने स्वतःच भेद केला. मला तो भेद रास्त वाटतो.

आता या नकलांचे मोल काय? इतिहाससंशोधक राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापताना बखरीपेक्षा अस्सल पत्रास वरचा मान दिला, कारण बखर मागाहून, धन्याचे मन राखून लिहिली जाते आणि पत्र त्या क्षणी, गरजेपोटी. अधिकृत ध्वनिफीत ही बखर होय: तीत प्रत्येक वाद्याची पातळी मागाहून सावकाश ठरवलेली असते, आणि टाळ्यांनाही जागा नेमून दिलेली असते. श्रोत्याच्या यंत्रात मंद्र स्वर छतावर आदळून घोंगावतो, शेजारचा कोणी बेसूर गातो; परंतु वृंदाने यापूर्वी कधीही जाहीरपणे न वाजवलेले ‘फॉर युअर लाइफ’ सुरू होताना सभा कशी चपापली, आणि गायक प्लांटच्या वयाला मानवावे म्हणून काही गाण्यांची पट्टी उतरवली असताही सभेने ते कसे गोड मानून घेतले, हे तिथेच धडपणे ऐकू येते. अर्थात पत्रालाही लेखकाची बाजू असते. वरच्या रांगेतला कान आणि रंगमंचाजवळचा कान एकच हकिकत सांगत नाहीत, म्हणून दोन-तीन नकला ताडून पाहणे अवश्य.

हे सारे दूरदेशीचे म्हणून मराठी वाचकाने सोडून देऊ नये. पेज आणि प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईच्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी येथे ध्वनिमुद्रित केली. तो काही मैफलीचा प्रसंग नव्हता, पण त्याचेही नशीब तेच ठरले: ती दप्तरी पडून राहिली, आणि चाळीसहून अधिक वर्षे ती केवळ अनधिकृत नकलांतून हातोहात फिरत राहिली. अधिकृतपणे ती प्रसिद्ध झाली २०१५ मध्ये, ‘कोडा’ या संग्रहाच्या वाढीव आवृत्तीत.