कोणतं जेऊर? चंद्राने दाखवलेली एक चूक

शेवगावात गच्चीवरून ३०० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्सने पौर्णिमेचा चंद्र टिपा. सेन्सरवर त्याचं बिंब जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचं पडतं. हिशेब सोपा आहे: लेन्सचं नाभीय अंतर भागिले साधारण ११०.

हाच हिशेब १८९८ सालच्या एका कॅमेऱ्याला लावू. २२ जानेवारीचं खग्रास सूर्यग्रहण टिपायला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊरला आले होते. कॅमेऱ्याचं नाभीय अंतर ४० फूट. म्हणजे काचेच्या प्लेटवर सूर्य झाकणारा काळा चंद्र सुमारे ११ सेंटिमीटरचा! हाताशी वेळ फक्त दोनेक मिनिटं. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवालाही जेऊरलाच होते.

इथे मी फसलो. आम्हा शेवगावकरांचं जेऊर म्हणजे नगर तालुक्यातलं, संभाजीनगर रस्त्यावरचं. संशोधन आराखड्याच्या मसुद्यात मी बिनधास्त 'अहमदनगर जिल्हा' लिहून टाकलं. नंतर ग्रहणाचा पट्टा नकाशावर आखला. तो विजयदुर्गाकडून ईशान्येला जातो. नगरचं जेऊर त्या पट्ट्याच्या बरंच बाहेर पडलं. तिथे ग्रहण खग्रास दिसणं शक्यच नव्हतं. छावणी होती ती सोलापूर जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला.

म्हणून सांगतो, कागदातलं गाव ओळखीचं वाटलं तर आधी तालुका तपासा. त्या कागदाशी संबंध नसलेला दुसरा पुरावा शोधा. मला तो चंद्राच्या सावलीत मिळाला. आणि तुम्ही काढलेल्या फोटोखालीही तारीख, वेळ, गाव, तालुका लिहून ठेवा. उद्या तो कुणाचं तरी साधन असेल.