रत्नाप्पा कुंभार : प्रजा परिषद ते साखर कारखाना

राजकारणात वावरलेल्या उद्योजकाचे चरित्र लिहिताना त्याच्या आयुष्याची ‘उद्योग’ आणि ‘सत्ता’ अशी दोन खात्यांत वाटणी करण्याचा प्रघात आहे. रत्नाप्पा भरमाप्पा कुंभार (१९०९–१९९८) यांच्या बाबतीत ही वाटणी कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

शिरोळ तालुक्यातील निमशिरगाव हे त्यांचे जन्मगाव. राजाराम महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते माधवराव बागल यांच्यासमवेत संस्थानी प्रजेच्या चळवळीत उतरले. १९३९ मध्ये प्रजा परिषद स्थापन झाली आणि त्याच वर्षी त्यांना अटकही झाली. १९४२ नंतर ते दीर्घकाळ भूमिगत राहिले. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले. येथवरचे चरित्र निव्वळ राजकीय आहे.

इचलकरंजीजवळ पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो यानंतर. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीमुळे कोल्हापूरच्या गुळाला हक्काची पेठ मिळाली होती. तथापि उचल घेतलेला शेतकरी अडत्याशी बांधला जाई आणि भावाची चढउतार त्याच्याच माथी येई. यावर सहकारी कारखानदारी हा उपाय होऊ शकतो, हे प्रवरानगरच्या प्रयोगाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले होते.

परंतु असा कारखाना काढण्यास काय लागे? १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यान्वये केंद्राचा परवाना, औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज, राज्य शासनाचे भागभांडवल आणि हजारो शेतकऱ्यांचे भाग. यांपैकी पहिल्या तिहींची वाट सरकारदरबारातून जात होती. चौथे मात्र केवळ विश्वासावर मिळणारे होते. ज्या माणसांनी भूमिगतास घरात आसरा दिला, त्यांच्याच शिवारात पुढे भागभांडवलाची हाक गेली. राजकारण हे येथे उद्योगाचे भूषण नव्हते. ते त्याचे पहिले भांडवल होते.

उलट दिशेचा प्रवाहही नोंदवला पाहिजे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव झाला. १९६२ मध्ये रत्नाप्पा शिरोळमधून विधानसभेवर गेले. ज्या जिल्ह्यात संख्येने मोठ्या जातीचे पाठबळ निर्णायक मानले जाते, तेथे कुंभार समाजातील एका कार्यकर्त्याने दीर्घकाळ नेतृत्व टिकविले, याचे एक कारण सभासदांच्या या जाळ्यात शोधावे लागेल. हे अनुमान आहे. गावनिहाय सभासदनोंदी आणि मतदान यांची तुलना करूनच ते तपासता येईल.

या जाळ्याची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. सभासदाला मत एकच. पण त्याचा ऊस कधी तुटणार आणि बिलातून कपात किती होणार, हे संचालक मंडळ ठरवी. अडत्याच्या जागी अध्यक्ष आला, तेव्हा परावलंबन संपले की त्याचे केवळ स्थान बदलले, हा प्रश्न साऱ्याच सहकारी कारखानदारीला विचारावा लागतो.

१९८५ मध्ये रत्नाप्पांना पद्मश्री मिळाली. लोकस्मृतीने मात्र त्यांना ‘देशभक्त’ ही पदवी दिली. ‘कारखानदार’ ही नव्हे. ही निवड बोलकी आहे. त्यांनी उभारलेले भांडवल हे मूलतः विश्वासाचे होते, याची ती साक्ष होय. आणि असा विश्वास एका पिढीकडून दुसरीकडे आपोआप संक्रांत होत नाही, हेही या चरित्राच्या अभ्यासकाने विसरू नये.