मराठी उशिरा पोचली

कार्टून वाहिन्या मोबाइलने संपवल्या, हे अर्धेच खरे आहे. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आले, पोगो २००४ मध्ये. आधी इंग्रजी, मग हिंदी. २००८ पासून ‘छोटा भीम’ गाजला, तोही मराठी घरांत हिंदीतच. संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या वस्तीतल्या मराठी घरांना वाहिन्यांनी हिंदी बाजारपेठेतच मोजले. मराठीसह अनेक भाषांत ‘ईटीव्ही बाल भारत’ २०२१ मध्ये आली, तोवर मुले वेळापत्रक नसलेल्या यूट्यूबकडे वळली होती. मुलांना हिंदी कळत होतीच, मग भाषेने काय अडले, असे कोणी विचारील. कळणे वेगळे, आपले वाटणे वेगळे; नाते नसलेली वाहिनी सुटताना कोणालाच हळहळ वाटत नाही. म्हणून आता नुसते डबिंग पुरणार नाही. वाहिन्यांनी मराठी लेखक-चित्रकारांना काम द्यावे, आणि पालकांनी तशी मागणी करावी.